वस्तीच्या बाळाचा पाय

कारखान्याची शेवटची भट्टी विझली त्या दिवशी चेन्चो दरवाज्यातून सगळ्यांच्या मागे बाहेर पडला. त्याला उशीर झाला तो एका बेसिनमुळे. पट्ट्यावर तेवढं एकच राहिलं होतं. ते आता कुठेच जाणार नव्हतं, कुणी विकत घेणार नव्हतं, तरी त्याने त्याच्या कडेवरून बोट फिरवलं, लाकडी हातोडीने टिचकी मारून आवाज ऐकला, झिलईत टाचणीच्या टोकाएवढं भोक सापडलं तिथे निळ्या खडूची फुली मारली, आणि मगच तो घरी गेला.

तरणेपणापासून त्याने हेच केलं होतं. बेसिनं आणि संडासाची भांडी. धड भांडं टिचकीला घंटेसारखं वाजतं, तडा गेलेलं ठस्स करतं. त्याच्या निळ्या फुलीला भट्टीवाले घाबरत. मालिंत्सी डोंगराच्या पायथ्याशी आमची वस्ती आहे, आणि तिच्यातल्या निम्म्या घरांत त्याच कारखान्यावर चूल पेटत होती. कारखाना गेला तसे लोक पांगले. कुणी पुएब्ला शहरात गवंड्याच्या हाताखाली गेलं, कुणी सीमेवर. ज्याला कुठेच जाववत नव्हतं असा चेन्चो अंगणातल्या पेरूखाली बसून राहिला.

त्याला एक छंद होता. आमच्याकडे घरोघरी बाळ येशूची मूर्ती असते. नाताळच्या रात्री तिला गवतावर निजवायचं, फेब्रुवारीत कांदेलारियाला, म्हणजे मेणबत्त्यांच्या सणाला, नवे कपडे घालून देवळात, म्हणजे आमच्या चर्चला, न्यायचं, लोकांना तमाल, म्हणजे मक्याच्या पिठाचे पानात वाफवलेले गोळे, खाऊ घालायचे आणि बाळाला वर्षभरासाठी खोक्यात ठेवायचं. या उचलाठेवीत बाळाची बोटं मोडतात. दरवर्षी बोटंच मोडतात. पण बाळ मोडलं असं आमच्यात कुणी म्हणत नाही. बाळ आजारी आहे म्हणतात, दुपट्यात गुंडाळून आणतात आणि चेन्चोला विचारतात, घरी कधी सोडणार?

चेन्चोला हे कुणी शिकवलं नव्हतं. भेगेत लांबी कशी भरायची, काचकागद कुठवर फिरवायचा, गालाचा रंग मेंढीच्या ओल्या मूत्राशयाने घासून घासून जिवंत कातड्यासारखा कसा करायचा, हे तो चुकत चुकत शिकला. रविवारी सकाळी पेरूखाली बसायचं, रेडिओ लावायचा आणि एक बोट करायचं. कारखान्यात तो दिवसभर दुसऱ्यांच्या चुका शोधायचा. रविवारी निदान एक तरी गोष्ट नीट व्हायची. पैसे त्याने कधी घेतले नाहीत. कुणी तमाल आणून देई, कुणी कोंबडी, कुणी नुसतंच, "देव तुझं भलं करो, चेन्चो."

"देवाने करायचं तेवढं भलं केलंय," त्या वर्षी नाताळ झाल्यावर ओतिलिया म्हणाली. ओतिलिया त्याची बायको. घरी मक्याच्या भाकऱ्या थापून विकायची आणि त्या भाकऱ्यांवरच घर चाललं होतं. "आता माणसांनी थोडं करू दे. यंदापासून पैसे घ्यायचे."

"कसं मागू?"

"तोंडाने."

मागायला तसं कारणही होतं. ओतिलियाचा भाऊ रुफिनो हुआरेसला, पार उत्तरेच्या सीमेवर, मोटारींच्या वायरी जोडणाऱ्या कारखान्यात होता. त्याने कळवलं होतं की एक जागा आहे, माझ्या खोलीत एक खाट रिकामी आहे, पण कांदेलारियानंतर जागा राहणार नाही. चेन्चो पूर्वी एकदा आठवडाभर हुआरेसला राहून आला होता. सगळी सपाट जमीन. नजर टेकायला कुठे डोंगर नाही. तिथे त्याला झोपेतसुद्धा दमल्यासारखं व्हायचं. तो ओतिलियाला म्हणाला, "सणापर्यंत बघू. लोकांनी याला धंदा मानलं, पैसे दिले, तर मी इथेच राहतो. नाही मानलं तर बस पकडतो." ओतिलिया भाकरी उलटत म्हणाली, "एकटी राहायला मी भीत नाही. पण तिथे तू रोज डब्यातलं खाणार आणि मरणार."

सगळ्यांत आधी आला नाबोर. त्याचं रस्त्याला टायरचं दुकान होतं. त्याच्या मुलीला बाप्तिस्म्याला चेन्चोने हातावर धरलं होतं, म्हणून दोघे एकमेकांना कोम्पाद्रे म्हणत. आमच्याकडे हे नातं सख्ख्या भावाच्या बरोबरीचं.

"कोम्पाद्रे, लेकरू आजारी आहे आमचं," नाबोर दुपटं उलगडत म्हणाला. तीन बोटं आणि एक कान गेला होता. "मांजर होतं ना, त्याचा उद्योग. कधी सोडतोस घरी?"

चेन्चोने बाळ हातात घेतलं आणि जमिनीकडे बघत बसला.

"सोडेल की," चुलीजवळून ओतिलिया म्हणाली, "पण यंदापासून दवाखान्याचं बिल आहे."

नाबोर हसला. कुणीच हसत नाही हे पाहून थांबला. "माझ्याकडूनसुद्धा? माझी पोर ज्या हातावर होती, त्याच हाताने पैसे मागतोस?"

"तुम्ही पंक्चर फुकट काढता का, भावजी?"

"टायर म्हणजे देव नव्हे, वहिनी."

"म्हणूनच पंक्चरपेक्षा स्वस्त लावलंय."

नाबोरने बाळ परत गुंडाळलं. दारात थांबून म्हणाला, "जन्मभर संडासं तपासली आणि आता देवाच्या लेकराचा भाव सांगायला लागले." नाबोर गेल्यावर चेन्चो म्हणाला, "तू बोलायला नको होतंस."

"मग तू बोलायचं होतंस."

ही गोष्ट टायरच्या दुकानातून वस्तीभर पसरायला वेळ लागला नाही. जानेवारीत डोंगरावरून वारा उतरतो, शेतातली मक्याची सुकी धांडं रात्रंदिवस खरखरतात, आणि माणसाला उगीच आपल्याबद्दल कुणी बोलतंय असं वाटतं. चेन्चोला तर खरंच तसं होतं. काही बायका आल्या. काहींनी भाव ऐकून, "घरात विचारून सांगते," म्हटलं. दोघीतिघींनी बाळं ठेवली आणि पैसे देताना असं तोंड केलं की त्याला ते परत करावेसे वाटले. बोट बसवायचे श्रम त्याला कधी वाटले नाहीत. पण भाव सांगून झाला की तो असा गळून जाई की उरलेला दिवस हात चालत नसत.

अशात एके दुपारी दोन्या हासिन्ता, म्हणजे हासिन्ताबाई, आली. त्या वर्षीची मानकरीण ती. वस्तीचं एक बाळ आहे, कुण्या एकाच्या घरचं नव्हे, सगळ्यांचं. दर कांदेलारियाला ते नव्या मानकऱ्याच्या घरी जातं आणि वर्षभर तिथे राहतं. पांगाऱ्याच्या हलक्या लाकडाचं आहे. कुणी कोरलं, कधी आणलं, हे कुणाला सांगता येत नाही. देवळाची घंटा बसवली तेव्हा ते होतं, एवढं म्हातारी माणसं सांगतात. दोन्या हासिन्ताने त्याला शालीत आणलं होतं, आणि तिच्या दोन मुली दोन्ही बाजूंनी छत्री धरून होत्या, ऊन लागू नये म्हणून.

"उस्ताद," ती म्हणाली. चेन्चोला आजवर कुणी उस्ताद म्हटलं नव्हतं. "मानेला चीर गेलीय, आणि डाव्या डोळ्याच्या पापण्या झडल्यात. भाव सांगा."

चेन्चोने ओतिलियाकडे बघितलं. ओतिलियाने मुद्दाम पाठ फिरवली. त्याने कसाबसा एक आकडा सांगितला. दोन्या हासिन्ताने त्यातला अर्धा तिथेच टेबलावर ठेवला. "वस्तीच्या पेटीतला पैसा आहे, लाजू नका. सणाला सगळी वस्ती बघणार आहे. चांगलं झालं तर नाबोरची जीभ आपोआप आत जाईल, आणि पुढल्या वर्षी तुम्हाला मान वर करायला फुरसत मिळायची नाही."

ती गेल्यावर ओतिलियाने त्याच्यापुढे कॉफी ठेवली. दोघांनाही कळलं होतं की हुआरेसची बस आता या एका मानेवर आणि एका पापणीवर अडली आहे.

मान सरळ झाली. पापण्या त्याने ओतिलियाच्या वेणीतल्या केसांच्या केल्या, एकेक केस चिमट्याने बसवून. रंग असा जुळला की चीर कुठे होती हे त्याचं त्यालाच बोट फिरवून शोधावं लागलं. काम झालं होतं. बाळाला शालीत गुंडाळायचं, एवढंच बाकी होतं. गुंडाळताना त्याचं लक्ष उजव्या पायाकडे गेलं.

त्या पायाला लोक ओठ टेकतात. किती पिढ्यांनी टेकले कोण जाणे. रंग कधीच गेला होता, त्याखालचा चुन्याचा थर गेला होता, आणि उघडं लाकूड काळंभोर होऊन चकाकत होतं. अंगठा अंगठा राहिला नव्हता. तिथे नुसता एक गुळगुळीत खळगा होता.

चेन्चोने बाळ खाली ठेवलं. परत उचललं.

"काय झालं?" ओतिलियाने विचारलं.

"हा पाय बघ."

"तिथे लोक मुका घेतात."

"मग नीट पायाचा घेऊ देत."

"दोन्या हासिन्ताने पायाचं सांगितलं होतं?"

"नव्हतं सांगितलं. पण असा पाय ठेवून माल बाहेर सोडायचा?"

"माल?" ओतिलिया म्हणाली.

तो ओशाळला. त्याने छातीवर क्रूस काढला, देवाची माफी मागितली. पण बोटांनी तोवर लांबीचा डबा उघडला होता. खोट दिसली की पुढे जायचं नाही, एवढंच त्या बोटांना शिकवलं गेलं होतं.

पाय उत्तम झाला. मी असं म्हणतो ते उगीच नाही. ज्यांनी तो पाहिला ते अजून सांगतात. पाच बोटं, जणू नुकतीच दुधातून काढलेली. तिळाएवढी नखं, आणि प्रत्येक नखाच्या मुळाशी पांढरी चंद्रकोर. टाचेला घोटीव गुलाबी रंग. आयुष्यात त्याने इतकं चांगलं काही केलं नव्हतं, आणि ते त्याला कळत होतं. सणाच्या आदल्या दिवशी दोन्या हासिन्ताने बाळाचा चेहरा बघितला आणि शालीच्या टोकाने डोळे टिपले. मुलींनी थंडी म्हणून तिथल्या तिथे बाळाच्या पायात विणलेले लोकरी बूट चढवले. पाय कुणी बघितला नाही. चेन्चोनेही दाखवला नाही. उद्या आपोआप दिसेल, असं त्याच्या मनात होतं.

कांदेलारियाला देवळाच्या अंगणात तमालांची पातेली वाफाळत होती, मक्याच्या पेजेचा वास होता, टोपल्याटोपल्यांतून नटवलेली बाळं होती. प्रार्थना आटोपून पाद्री पुढच्या गावाला गेले, त्यांना अजून तीन गावं करायची होती. मग वस्तीच्या बाळाचे बूट काढले आणि रांग लागली. पहिला मान सगळ्यांत म्हाताऱ्या माणसाचा. चोना आजी काठी टेकत आली, वाकली, आणि तशीच थांबली.

तिने ओठ टेकले नाहीत. अंगठ्याने पाय चाचपला.

"हे कुणाचं बाळ?"

"आजी, आपलंच की," दोन्या हासिन्ता म्हणाली.

"आपल्या बाळाला अंगठा नाही," चोना आजी म्हणाली.

मागची रांग पुढे सरकली. जो तो वाकून बघू लागला. नवा कोरा पाय. नवी मान. नव्या पापण्या. मग एकदम सगळ्यांना एकच आठवलं. मागच्या वर्षी डोंगराच्या पलीकडच्या एका गावात जुनी मूर्ती नेली होती चोरांनी, आणि तिच्या जागी हुबेहूब दुसरी ठेवली होती. गावाने महिनाभर तिचीच पूजा केली. ते कुणाच्या तोंडून आधी निघालं माहीत नाही, पण नाबोरचा आवाज सगळ्यांत मोठा होता.

"कोम्पाद्रे! पुएब्लाच्या जुन्या वस्तूंच्या बाजारात काय मिळालं रे बाळाचं?"

"मी फक्त पाय केला," चेन्चो म्हणाला.

"पायच केलास की अख्खं बाळ केलंस? कारखान्यात एका साच्यातून हजार भांडी काढायचात, तुला एक बाळ काय जड आहे?"

काही हसले. बरेच हसले नाहीत, आणि ते वाईट होतं. चेन्चोला कळत होतं की एवढी स्तुती त्याची जन्मात कुणी केली नव्हती. ज्या कामाला ही माणसं फसली होती ते त्याच्या हातचं होतं. पण त्या गोष्टीचं सुख घ्यायला अंगात त्राण नव्हतं. त्याला फक्त कुठेतरी खाली बसावंसं वाटत होतं.

दोन्या हासिन्ताचा चेहरा मेणासारखा झाला होता. तिच्या घरातून वस्तीचं बाळ गेलं, हा बोल तिच्या नातवंडांपर्यंत पुरला असता. ती हळूच म्हणाली, "चेन्चो, खरं सांग. हे आपलंच आहे ना?" आता ती उस्ताद म्हणत नव्हती.

"ओतिलिया," चेन्चो म्हणाला, "घरून टर्पेंटाइन आण. कापूस आण. आणि छोटी सुरी."

"काय करणार आहेस?"

"उघडतो."

"सुरी लावू देऊ नका!" कुणी ओरडलं. "आणखी बिघडवेल!"

"लावू द्या," चोना आजी म्हणाली. "आपलं नसेल तर आपलं काय जातं? आणि असेल तर ते सोसेल. आपल्या सगळ्यांना सोसलंय त्याने आजवर."

तो देवळाच्या पायरीवर बसला. दोन्या हासिन्ताने बाळाला मांडीवर घट्ट धरलं, पोराला लस टोचताना आई धरते तसं. भोवती वस्ती उभी राहिली. चेन्चोने कापूस भिजवला आणि नखांवर ठेवला. चंद्रकोरी आधी गेल्या. मग गुलाबी रंग कापसावर उतरला, दुसऱ्या कापसावर, तिसऱ्यावर. ज्या बोटांना त्याने दिवसचे दिवस दिले होते ती बघता बघता पांढरी ढेकळं झाली. मग सुरीचं टोक त्याने लांबीखाली घातलं. हात थरथरत नव्हता. खराब माल फोडून टाकायचा असला की कारखान्यातही त्याचा हात थरथरत नसे. पण डोळ्यांत पाणी होतं, आणि टर्पेंटाइनमुळे ते आलं असं मानायला सगळे तयार होते.

अंगठा सुटून पायरीवर पडला. खाली काळं लाकूड दिसलं. मग खळगा. लांबी आत बसून राहिली होती, ती त्याने नखाने काढली, शर्टाच्या बाहीने पुसली आणि बाजूला सरकला.

चोना आजीने आपला अंगठा खळग्यात ठेवला. तो बरोबर बसला. ती वाकली, ओठ टेकले, आणि हाताने तोंड पुसत म्हणाली, "औषधाचा वास मारतंय. पण आपलंच आहे."

रांग सुरू झाली. कुणी चेन्चोकडे बघितलं, कुणी मुद्दाम बघितलं नाही. नाबोरची पाळी आली तेव्हा त्याने टोपी काढून मुका घेतला आणि पुढे गेला. चार पावलं जाऊन परत आला. त्याची नजर पायरीवर पडलेल्या अंगठ्याकडे होती.

"नखं मात्र छान होती रे," तो म्हणाला. माफी म्हणाल तर तेवढीच.

संध्याकाळी दोन्या हासिन्ता राहिलेले पैसे घेऊन आली. चेन्चोने हात मागे घेतला. "नापास माल आहे. त्याचे पैसे नसतात."

"तू अजून त्या कारखान्यातच राहतोस का रे?" ओतिलिया म्हणाली, आणि तिने पैसे घेतले. "हे मानेचे आहेत. मान तर पास झाली ना?"

दोन्या हासिन्ता गेली. चेन्चो खाटेवर आडवा झाला आणि छताकडे बघत म्हणाला, "रुफिनोला कळव. येतो म्हणावं." ओतिलियाने वाद न घालता भावाला निरोप दिला. सण संपला होता. बाळं खोक्यांत जाणार होती, पुढच्या नाताळपर्यंत कुणाचं लेकरू आजारी पडणार नव्हतं, आणि पडलं तरी आजच्या नंतर ते चेन्चोकडे कोण आणणार? तिने माळ्यावरची पिशवी काढली, झटकली, आणि त्याचे जाड स्वेटर घड्या करून त्यात भरले.

सकाळी दार वाजलं. बाहेर एक बाई होती, काल रांगेत असलेली, हातात दुपटं.

"खोक्यात ठेवायला काढलं होतं," ती म्हणाली, "मग म्हटलं, ठेवण्याआधी तुला दाखवावं. दोन बोटं गेलीत. घाई नाही, पुढल्या सणापर्यंत झालं तरी चालेल. फक्त कपाळाला हात लावू नकोस. माझी आई रोज तिथे हात ठेवायची."

चेन्चोने दुपटं हातात घेतलं. "काल तू होतीस ना तिथे?"

"होते म्हणून तर आले," ती म्हणाली, आणि भाव न विचारता ओतिलियाच्या हातात थोडे पैसे ठेवून गेली.

दुपारपर्यंत आणखी आल्या. बायकांनी आपापसात काय ठरवलं होतं ते त्यांनाच ठाऊक. एकीने सांगितलं, गालाचा डाग राहू दे. दुसरी म्हणाली, कान नवा कर, पण नाक तसंच असू दे, आमच्या घराण्यात सगळ्यांचं तसंच आहे. चेन्चो ऐकत होता, मान हलवत होता. पैसे मात्र थोडेच येत होते. जो तो म्हणायचा, होईल तसे देऊ, अजून अख्खं वर्ष पडलंय.

नाबोर सगळ्यांच्या शेवटी आला. त्याने बाळ टेबलावर ठेवलं. तीन बोटं आणि कान.

"याचं सगळं नवं कर," तो म्हणाला. "आमच्याकडे त्याचे कुणी फार मुके घेतलेले नाहीत. आणि भाव मी वहिनीशी बोलतो. तुला बोलता येत नाही."

"पंक्चरपेक्षा महाग झालंय आता, भावजी," ओतिलिया म्हणाली.

"झालंच पाहिजे," नाबोर म्हणाला, आणि खरंच घासाघीस करायला बसला.

संध्याकाळी रुफिनोचा फोन आला. बस कुठली, केव्हा, मी घ्यायला येऊ का? ओतिलियाने फोन खांद्याने कानाशी धरला, भाकरी थापता थापता.

"नाही, येत नाही तो. कसा येईल? लोकांची लेकरं आहेत घरात, आजारी. त्यांना टाकून कसा येईल?... नाही, पैसे म्हणशील तर विशेष नाहीत. भाकऱ्या विकीन मी आणखी थोड्या... अरे, मला माहीत आहे तिथे जास्त मिळतात. ती जागा दे दुसऱ्या कुणाला."

तिने फोन ठेवला. चेन्चोला आनंद झाला होता का, हे त्याला सांगता आलं नसतं. वर्षभराचं काम समोर होतं आणि महिनाभर पुरतील इतकेही पैसे नव्हते, आणि डोळे मिटत होते. टेबलावर बाळं दाटीने निजली होती, ताटं ठेवायला जागा नव्हती. दोघांनी घेवड्याच्या उसळीची ताटं मांडीवर घेतली. जेवता जेवता चेन्चोने डाव्या हाताने एक बाळ उचललं, तुटलेल्या बोटाच्या बुंध्यावरून अंगठा फिरवला.

"आधी जेव," ओतिलिया म्हणाली.

त्याने बाळ परत जागेवर ठेवलं, दुपटं त्याच्या मानेपर्यंत ओढलं आणि भाकरीचा तुकडा मोडला.